मोटार कुठली, ते देवाला विचारलं

फौजदारापुढे मी छातीठोकपणे सांगितलं, की मला पाडून पळालेली मोटार निळी होती. ग्रामदेवतेची शपथ घेऊन सांगितलं आणि खाली वळणदार सही ठोकली. खरं म्हणजे ती मोटार निळी होती, पिवळी होती, की इंद्राचं विमान होतं, यातलं मला ओ की ठो ठाऊक नव्हतं. मी पाहिली होती ती फक्त तांबडी धूळ. पण मी मराठी चौथी पास होते ना! ‘मला माहीत नाही’ हे बोलणं अंगठेबहाद्दरांना शोभतं, आपल्याला नाही, अशी माझी समजूत. त्या समजुतीची किंमत माझ्या उजव्या पायानं भरली.

तेव्हा मी जेमतेम विशीची असेन. एकोणीसशे तीस-एकतीसचा सुमार. नवरा मुंबईला गोदीत कामाला, घरी मी आणि सासूबाई. आमचं घर रत्नागिरी शहराच्या जरा बाहेर, पाखाडीच्या तळाशी. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची ती वाट चढून वर आलं की मोटारींचा रस्ता लागायचा. फाल्गुनात आम्ही ओले काजूगर सोलून बाजारात न्यायचो. बोटांची सालं निघायची, पण मिठा-मिरचीला चार पैसे व्हायचे. सोलायच्या दोघी, बाजारात जायची मी. सासूबाईंचे गुडघे पाखाडीला केव्हाच हरले होते. म्हणजे घरात चालते पाय फक्त माझे.

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. अर्धी पाटी तशीच डोक्यावर घेऊन मी परत निघाले होते. ऊन कलत आलं होतं. मागून मोटारीची घरघर ऐकू आली, म्हणून मी कडेला सरकले. भोंगा वाजला नाही, एवढं मी आजही तुळशीवर हात ठेवून सांगेन. मग कंबरेखाली काहीतरी बसलं आणि मी कडेच्या गडग्यावर, दगडांच्या बांधावर जाऊन आदळले. पाटी कुठे, मी कुठे. धूळ एवढी की माझाच हात मला दिसेना. पुढे जाऊन मोटार थांबली. इंजिन धडधडत होतं. पावलं वाजली आणि कुणीतरी माणूस म्हणाला, “जिवंत हाय.” मोटार निघून गेली.

पुढे कितीतरी महिने ते “जिवंत हाय” माझ्या कानातून जाईना. घरी जो पुरुष येई, त्याला मी मुद्दाम बोलतं करायची आणि आवाज ताडून बघायची. पोस्टमनवर मला दोन दिवस संशय होता. मासळीवाल्याच्या मुलावर आठवडाभर. त्या बिचाऱ्याला सर्दी झाली होती, म्हणून आवाज बदलला होता, एवढंच.

रस्त्यानं जाणाऱ्यांनी मला घोंगडीत घालून घरी आणलं. सासूबाई दारात उभ्या. माझ्याकडे बघून त्यांचा पहिला प्रश्न, “आणि काजूगर?”

“आये, माझा पाय मोडला!”

“तो दिसतोय गो मला. काजूगर दिसत नायत, म्हणून विचारलं.” आणि मग मागच्या पडवीत जाऊन त्या पदरात तोंड घालून रडल्या. ते मी ऐकलं. मी ऐकलं हे त्यांना कळू दिलं नाही. आमच्यात तसं चालायचं.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून नडगी बांधली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, हाड वाकडं बसतंय. घाटावर मोठ्या इस्पितळात नेऊन नीट बसवून घेतलं तर पाय सरळ होईल, नाहीतर जन्माची लंगडी. खर्च ऐकून सासूबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं. गोदीतला त्यांचा मुलगा वर्षभर उपाशी राहिला असता तरी तेवढे जमले नसते.

“ज्याच्या मोटारीनं पाडलं, त्याच्याकडून घ्या,” डॉक्टर निघता निघता म्हणाले. “नुकसानभरपाई मागा. कायदा आहे.”

नुकसानभरपाई! काय भारदस्त शब्द. मी तो दिवसभर घोळवला.

“म्हणजे काय गो?” सासूबाईंनी विचारलं.

“आपलं जेवढं नुकसान झालं, तेवढे पैसे सरकार त्या माणसाकडून देववतं.”

“मग काजूगर पण धर त्यात. पाटी पण. पाटी नवी होती.”

पोलीसपाटील निरोप घेऊन आले, की फौजदार फिर्याद घ्यायला येणार आहेत. मोटार कुठली ते आठवून ठेवा. आमच्या रस्त्यावर तेव्हा उतारूंच्या दोनच मोटारी होत्या, दोन मालकांच्या. एक निळी, एक पिवळी. दोघांचं हाडवैर. दोघी एकाच उतारूवर झडप घालायच्या आणि एकमेकींना मागे टाकायला रस्ता आपल्या बापाचा असल्यागत धावायच्या. म्हणजे दोहोंपैकी एक, एवढं नक्की. पण कुठली? मी डोळे मिटून आठवायची. धूळ. पुन्हा आठवायची. धूळच.

“देवाला विचारू,” सासूबाई म्हणाल्या.

आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडे हरवलेलं जनावर, मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, सगळं देवाला विचारूनच ठरायचं. गुरव देवाच्या अंगाला फुलांचे ओले कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडचा कळा आधी पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. हा झाला कौल. मी चौथी पास असले तरी कौलापुढे माझी चौथी पडवीत बसायची.

दोन गडी डोलीत घालून मला देवळात घेऊन गेले. सकाळची वेळ. गुरवानं पाच-पाच कळे लावले, हात जोडले आणि एका सुरात चालू झाला, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराला पाडून जी मोटार पळाली, ती निळी असेल तर उजवा दे, आणि ह्या लेकराच्या पायाची वाट मोकळी कर रे म्हाराजा...”

सासूबाई कळ्यांकडे मांजरीसारख्या टक लावून. मी तर श्वासच धरलेला. बराच वेळ गेला आणि टप्प. उजवा.

“निळी!” मी ओरडले. डोलीवाल्या गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं, की देवानं निळी मोटार धरली.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. घाटावरचे, धिप्पाड, झुपकेदार मिशा, आमच्या बुटक्या दारातून वाकून आत आले तरी टोपी लागलीच. खुर्ची नव्हती. पाटावर मावेनात, म्हणून भाताच्या कणगीला टेकून उभेच राहिले.

“मोटार पाहिलीत?”

“पाहिली. निळी.”

“स्वतः पाहिलीत?”

आता इथे थांबायला हवं होतं. ‘कौल लागला’ म्हटलं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. पण मला वाटलं, देवानं पाहिलं म्हणजे मी पाहिल्यासारखंच. फक्त सरकारला देवाची सही चालत नाही, म्हणून माझी. “स्वतःच्या डोळ्यांनी,” मी म्हटलं. “देवाशपथ.”

ते लिहीत होते. मला वाटलं, एवढ्यानं भागायचं नाही, थोडा मसाला पाहिजे. साक्ष पक्की व्हायला माणसं लागतात. “आणि पुढच्या बैठकीवर एक जाडेसे गृहस्थ होते. मिशीवाले. वळून बघितलं आणि हसले.”

लेखणी थांबली. “हसले?”

“हो. दात दिसले.”

फौजदारांनी कागद बाजूला ठेवला. “बाई, त्या संध्याकाळी निळ्या मोटारीत पुढच्या बैठकीवर मी होतो. आणि ती मोटार तुमच्या रस्त्यावर नव्हतीच. खाडीपलीकडे तरीची वाट बघत उभी होती. तिन्हीसांजेपर्यंत.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे. एखादी शहाणी बाई तिथेच कान धरती. मी काय केलं? माझ्या मनात लख्ख उजेड पडला: देवानं गुन्हेगार घरी आणून उभा केला! नाहीतर मी मिशीवाला माणूस कुठून काढला? मला स्फुरलाच कसा? त्या काळी रत्नागिरीत मिशी नसलेला जाडा पुरुष शोधून सापडला नसता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“मी पाहिलं ते पाहिलं,” मी म्हटलं. “लिहा तसंच.”

त्यांनी शब्द न् शब्द तसाच लिहिला. मी सही केली. निघताना दाराशी पुन्हा टोपी आपटली, तर सासूबाई पुटपुटल्या, “खोट्याच्या डोक्याला देव असा टोला देतो.”

सासूबाईंना पाखाडी चढवत नव्हती, पण विहिरीवर जाता येत होतं, आणि विहिरीवरची बातमी पाखाडी आपापली चढते. दोन दिवसांत शहरात चर्चा, की फौजदाराच्या मोटारीनं गरीब बाईचा पाय मोडला आणि आता फौजदार मोटारवाल्याला पाठीशी घालतोय. आम्ही दोघी फार खूष होतो.

मग भेटी सुरू झाल्या. पहिला आला निळीचा मालक. नारळ, केळ्यांचा घड, डोक्यावरचा रुमाल हातात.

“वहिनी, माझी मोटार नव्हती हो. पोराबाळांची शपथ. माझा ड्रायव्हर रडतोय. त्याचा परवाना गेला तर खाणार काय? तुमच्या रस्त्यावर त्या वेळी पिवळी होती. तुम्ही एवढं म्हणा, की पिवळी होती. घाटावरच्या इस्पितळाचा खर्च मी करतो.”

तो गेल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, “बघितलंत? ज्यानं केलं नाही, तो पैसे कशाला देईल? चोराच्या मनात चांदणं.”

“केळी खायची की ठेवायची?” सासूबाईंनी विचारलं.

“पुरावा आहे तो, आये.”

“पिकलेला पुरावा हाय. उद्या काळा पडेल.” आणि त्यांनी एक सोललं.

चार दिवसांनी पिवळीचा मालक आला. कपाळाला गंध, आवाज तुपासारखा. आणलं काही नाही. पण देवासमोर बसावं तसा माझ्या बिछान्यासमोर मांडी घालून बसला.

“वहिनी, देवाचा कौल खोटा होत नाही. तुम्ही निळीवरून हटू नका. तुम्हाला वकील मी देतो. फी माझी. बाईमाणसाच्या मागे कुणीतरी उभं राहायला नको का?”

मला गहिवरून आलं. रस्त्यावर दोन मोटारी. एक निळी, एक पिवळी. मला पाडलं त्यांतल्या एकीनं. त्यांतल्या एकीचा मालक मला म्हणतो, दुसरीवरून हटू नका. आणि मी चौथी पास बाई काय म्हणते? “किती देवमाणूस!”

त्याचा वकीलही आला. मी पडले ती जागा, वेळ, धूळ, सगळं विचारून घेतलं. “एवढ्या धुळीत रंग कसा दिसला?”

“कौल लागला,” मी विश्वासानं सांगितलं. वकील आपला ना?

तो खोकला का हसला, कळलं नाही. मग हळूच म्हणाला, “कोर्टात देवाचं नाव काढू नका. डोळ्यांनी पाहिलं एवढंच म्हणा. आणि काहीही झालं तरी पिवळी हा शब्द तोंडातून जाता कामा नये.”

सासूबाई कोयता परजत असल्यासारख्या विळीवर बसल्या होत्या, त्या हे ऐकून उठल्या. वकील गेल्यावर म्हणाल्या, “हा आपल्यासाठी आलाय, की त्या शब्दासाठी?”

“आये, तुम्हाला सगळ्यांचाच संशय.”

“तुला नाय? पोस्टमनला विचार.” मग थोड्या वेळानं, “गो, आपण देवाला निळीचं विचारलं. पिवळीचं विचारलंच नाय.”

मी चरकले. पण मनात आलं, विचारायला काय हरकत? डावा पडेल आणि तोंड बंद होईल यांचं.

एव्हाना मी काठी टेकत उभी राहायला लागले होते. पाय अर्थात वाकडा, टाच आत वळलेली. डोली सकाळचीच मिळाली. गुरवानं पुन्हा कळे लावले, पुन्हा गाऱ्हाणं, “ती पिवळी असेल तर उजवा दे रे म्हाराजा...”

टप्प. उजवा.

गुरवानं पडलेला कळा उचलून उलटसुलट बघितला. सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला. त्यांना असल्या वेळी भलताच हुरूप यायचा. “आता विचार,” त्या गुरवाला म्हणाल्या, “ती फौजदारानं स्वतः हाकली असेल तर उजवा दे.”

“आजी, देवाची परीक्षा बघता?”

“देवाची नाय. तू लाव कळे.”

लावले बिचाऱ्यानं. आम्ही तिघं बघत उभे. उजवा.

“आता माझं नाव घे,” सासूबाई म्हणाल्या. “सासूनं पाडली असेल तर उजवा दे.”

“नाय घेणार!” गुरव कळ्यांचं तबक उचलून मागे सरकला. आणि तो सरकला तेव्हा मला दिसलं. भिंतीला वर एक झरोका होता. त्यातून सकाळची तिरीप सरळ देवाच्या उजव्या अंगावर येत होती. डावीकडचे कळे ओलेगार, उजवीकडचे सुकून कडेला वळलेले. त्या वेळेला त्या देवळात कुणी काहीही विचारलं असतं, तरी उत्तर होयच आलं असतं.

देव खोटं बोलला असं मी आजही म्हणणार नाही. देवानं काहीच म्हटलं नव्हतं. म्हणत होते ते ऊन.

परत येताना डोलीत माझा हिशेब लागला. मला पाडलं कुणी, हे मला माहीत नव्हतं, कधीच नव्हतं. आणि निळीच्या ड्रायव्हरचं पोट माझ्या वळणदार सहीखाली अडकलं होतं. घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, “निळीवाला खर्च देतोय. पिवळी म्हणून टाक. बहुतेक तीच होती.”

“बहुतेक?”

“अगो, तुझा पाय हाय.”

रात्रभर वाटत राहिलं, म्हणून टाकावं. पाय सरळ होईल, पाखाडी चढता येईल, पुढच्या फाल्गुनात काजूगर घेऊन बाजारात जाता येईल. एवढाच तर प्रश्न होता. पण एकदा डोळ्यांनी न पाहिलेलं डोळ्यांनी पाहिलं म्हणून झालं होतं. पुन्हा तेच, फक्त रंग बदलून? आणि निळीवाला तरी खरं सांगत होता कशावरून? मला आता कुणाचंच काही खरं वाटत नव्हतं. त्यात सगळ्यात कमी माझं.

दोन दिवसांनी काठी टेकत, पाखाडीच्या पायऱ्या बसून-बसून चढत, वरून एका बैलगाडीत बसून मी कचेरीत गेले. सासूबाईंनी जायच्या आधी माझ्या एकुलत्या बऱ्या लुगड्याचा, मी पडले तेव्हा फाटलेला काठ दुसऱ्या रंगाचं ठिगळ लावून शिवला होता. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

फौजदारांनी मला बघून खुर्ची दिली. मी बसले नाही.

“मी काही पाहिलं नव्हतं,” मी म्हटलं. “धूळ पाहिली होती.”

“निळी?”

“ती कौलात लागली.”

“आणि पुढचा मिशीवाला माणूस?”

“तो मी घातला.”

“हसणं?”

“तेसुद्धा.”

त्यांनी नकळत मिशीवरून हात फिरवला. खोटी फिर्याद दिल्याबद्दल काय होऊ शकतं, ते त्यांनी मला शांतपणे सांगितलं, आणि आपण ते करणार नाही, असंही सांगितलं. मग नवा कागद घेऊन ‘मोटार ओळखता आली नाही’ असं लिहिलं. मी सही केली. या वेळी वळण-बिळण काही नाही. भरपाईचा प्रश्न तिथेच मिटला. पिवळीचा वकील पुन्हा फिरकला नाही, निळीचा मालक रस्त्यात दिसला तर नमस्कार करायचा आणि भरभर पुढे जायचा. पाय जसा जुळला तसाच राहिला.

मी काठी घेऊन वळले, तेव्हा फौजदारांची नजर माझ्या लुगड्याच्या काठावर, त्या ठिगळावर गेली. मग जे बोलले, ते खरं होतं की निव्वळ माझी जिरवायला होतं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. शब्द मात्र त्यांचे आहेत, मी एकही घातलेला नाही:

“बाई, तुमची फिर्याद घेऊन परत गेलो त्याच संध्याकाळी ह्याच काठाची चिंधी मी पिवळीच्या पायफळीखाली बोल्टाला अडकलेली पाहिली होती, पण तुम्ही निळी लिहून दिलेली, निळीत मी बसलेला, आणि दोन दिवसांत सगळं गाव म्हणायला लागलं की फौजदार स्वतःला वाचवतोय, मग पिवळीचं नाव मी कोणत्या तोंडानं काढायचं होतं? आता ती मोटार धुऊन, रंगवून झालीय.”